मरीचं टोपलं

दोन हजार सहा साली शेजारच्या जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला आणि नाशिकमध्ये ज्याला त्याला कोंबड्यांचा पुळका आला. आयुष्यात जिवंत कोंबडी हातात न धरलेले कॉलेज रोडवरचे लोक मला फोन करून विषाणू कसा पसरतो ते विचारायला लागले. मी पशुवैद्य. बरीचशी नोकरी पेठच्या बाजूच्या डोंगरात काढली. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की हात धुवा आणि मला पुन्हा फोन करू नका. विषाणू एका गावातून दुसऱ्या गावात कसा जातो हे मला नीट कळलं ते टेंभपाड्याच्या भागीबाईंमुळे, आणि ती हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही. गावांची नावं मी बदलली आहेत, कारण ती गावं अजून एकमेकांशी सोयरिकी करतात.

भागीबाई कोकणा समाजाच्या. नागलीचं आणि भाताचं थोडं शेत. नवरा वर्षातले बरेच महिने दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत छाटणीला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक योजना आली होती, गावातल्याच बायकांना कोंबड्यांना लस द्यायला शिकवायची. अशा योजना येतात आणि जातात. शिकायला दहाबारा जणी आल्या. चहा झाल्यावर निम्म्या उरल्या, वर्षभरानं एकच उरली. पहिल्या दिवशी मी भागीबाईंवर चांगलाच खेकसलो होतो, कारण कोंबडी पंखांना धरायची असं सांगूनही त्या तिला मुलासारखी काखेत घेऊन बसायच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि काखेतच धरत राहिल्या. पुढे मीही बोलायचं सोडून दिलं, कारण त्यांच्या काखेतली कोंबडी फडफडत नसे आणि लसीचा थेंब नेमका डोळ्यात पडत असे.

ही लस बर्ड फ्लूवरची नव्हे, दुसऱ्याच एका रोगावरची. आमच्याकडे त्या रोगाला मानमोडी म्हणतात. कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोनतीन आठवड्यांत अख्खं गाव कोंबड्यांशिवाय होतं. शहरातल्या माणसाला त्यात एवढं काय बिघडलं ते कळणार नाही. डोंगरात जावई आला तर कोंबडी, बाळंतीण उठली तर कोंबडी, एसटीला भाडं नसलं तरी बाजारात कोंबडीच. बाईच्या हातात तिची स्वतःची म्हणून जी काही मालमत्ता असते ती ही. भागीबाईंनी थेंब द्यायला सुरुवात केल्यावर काही वर्षं टेंभपाड्यात मानमोडी आली नाही. पहाटे कोंबड्या सोडायच्या आत त्या बर्फाचा थर्मास घेऊन घरोघर फिरायच्या. कुठल्याही अंगणात त्यांना आवाज द्यावा लागत नसे. बायका त्यांना चहा पाजायच्या आणि घरातल्या गोष्टी सांगायच्या.

मग एका वर्षी वरून लस आली नाही. मी पत्रं लिहिली, भांडलो, त्याला जेवढा उपयोग व्हायचा तेवढाच झाला. पावसाळा गेला, भात कापून झालं, आणि दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर कधीतरी लस हातात पडली. भागीबाईंनी लगोलग सगळ्या पाड्यात थेंब दिले. त्याच आठवड्यात कोंबड्या मरायला लागल्या.

पहिल्यांदा भागीबाईंच्याच घरच्या पडल्या, मग शेजारच्या, मग सगळ्यांच्या. लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. एवढे दिवस थेंब नव्हते तेव्हा कोंबड्या धडधाकट होत्या, थेंब पडले आणि मेल्या, तेव्हा थेंबानंच मारल्या. हे निदान औषधावर तरी होतं. पण औषधावर किती दिवस रागावणार? थोड्याच दिवसांत ते औषधावरून घसरून हातावर आलं. भागीचा हात वाईट आहे, असं बायका बोलायला लागल्या. डोंगरात एखाद्या बाईबद्दल हे बोललं गेलं की पुढचा शब्द कोणता येतो ते तिथल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि तो आला की बाईला गाव सोडावं लागतं. पंचांनी ठरवलं, होळीपर्यंत भागीनं कोणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, आणि होळीला गाव जमेल तेव्हा काय ते बघायचं. भागीबाईंची मुलगी सविता खालच्या काकडवळणला दिली होती. थोड्याच दिवसांत तिथल्याही कोंबड्या गेल्या. सविताच्या सासूनं, झुंबरबाईंनी, सुनेचं माहेरी जाणं बंद केलं.

मला हे कळलं तेव्हा मी आधी भागीबाईंवरच चिडलो. रोग आसपास असताना लस देऊ नये हे मी शंभरदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, गावात एकही कोंबडी आजारी नव्हती. मग बाहेरून आली असेल, मी विचारलं, कोणी बाजारातून आणली, पाहुण्यानं आणली? त्या नाही म्हणाल्या. मी घरोघर विचारलं, पंचांना विचारलं, भगताला विचारलं. गावात बाहेरून कोंबडी आली नाही, असं सगळ्यांनी सांगितलं आणि त्यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं.

आता उरल्या दोन शक्यता, आणि दोन्ही मला नको होत्या. एक म्हणजे लसच बिघडलेली होती. दुसरी म्हणजे रोग कुठूनतरी आला आणि भागीबाईंच्या हातापायांनी घरोघर गेला, कदाचित मुलीच्या सासरीही. तसं होऊ शकतं. पन्नास कोंबड्या काखेत धरणारी बाई विषाणूला चांगलंच वाहन आहे. मी हे त्यांना सांगायचं टाळत होतो, पण ते त्यांच्या डोक्यात आधीच आलेलं होतं. मी मेलेल्या कोंबड्यांची डोकी बर्फात भरत होतो, तेव्हा त्या कुडाला टेकून उभ्या होत्या.

"याच्यावरनं कळंल का, कोणी आणला रोग?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कळेल कदाचित.

"मग डाक्टर, माझ्यानं झालं असंल तर आधी मला सांगा. मग गावाला."

मी बरं म्हटलं. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

ती डोकी मी नेली लतिकाकडे. लतिका पंचवटीतल्या तीर्थोपाध्यांच्या घरातली. यात्रेकरूनं गाव आणि आडनाव सांगितलं की तिचे वडील त्याच्या पणजोबांपर्यंत वंशावळ सांगत. त्यांच्या मुलीनं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत विषाणूंच्या वंशावळी काढायचं काम धरलं. घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि ही दिवसभर कोंबड्यांच्या मेंदूत. सुट्टीत घरी आली की आई तिला आधी न्हाणीघर दाखवते, असं ती हसत सांगायची.

तिनं मला समजावलं ते असं. मानमोडीच्या विषाणूचं सगळं बाड म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास अक्षरं. एका कोंबडीतून दुसरीत जाताना विषाणू ती उतरवून काढतो आणि उतरवताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. चूक झाली की ती पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाते. म्हणून कोणात कोणती चूक आहे हे लावलं की कोण कोणाच्या वंशातलं ते कळतं. शिवाय लसीतला विषाणू मवाळ आणि रोगाचा मारका, आणि एका ठरावीक जागेवरची अक्षरं बघूनच दोघांतला फरक ओळखता येतो. मात्र एका गावावरून काही कळणार नाही, आजूबाजूची सगळी गावं लागतील, असं ती म्हणाली. मी मोटारसायकलवर थर्मास बांधून फिरलो. टेंभपाड्यातल्या चार घरांचे नमुने होते. वरच्या मोहदरीत रोग सरत आला होता, तिथल्या शेवटच्या दोनचार कोंबड्या मिळाल्या. खालचं काकडवळण, त्याच्याही खालची जोगवेल. प्रत्येक नमुन्यावर मी गाव आणि घर लिहिलं.

लतिकानं आपलं नेहमीचं काम सांभाळून ही पंधरा हजार अक्षरं तुकड्यातुकड्यानं वाचली. होळीच्या थोडे दिवस आधी तिचा निरोप आला आणि मी एसटीडी बूथवरून तिला फोन लावला.

लसीचा यात काही संबंध नाही, हे तिनं पहिल्यांदा सांगितलं. मेलेल्या सगळ्या कोंबड्यांत मारका विषाणू होता. मला हायसं वाटलं, पण ती पुढे बोलतच होती. विषाणू मोहदरीतून टेंभपाड्यात आला, टेंभपाड्यातून काकडवळणला, तिथून जोगवेलीला. एकेका गावाला एकेक नवी चूक, जुनी कायम. अगदी सरळ रेष आहे, ती म्हणाली, बाजारातून पसरला असता तर असा ओळीत गेला नसता. दोनतीन अक्षरांवर आपण हे ठरवतोय हे विसरू नका, असंही तिनं बजावलं. मग तिनं विचारलं, टेंभपाड्यातलं भागीबाई नावाचं घर कोणाचं? कारण काकडवळणची नवी चूक सोडली, तर तिथला विषाणू टेंभपाड्यातल्या बाकीच्या घरांशी जुळत नाही, या एका घराशी तंतोतंत जुळतो.

मी फोन ठेवला आणि बूथवाल्याला पैसे द्यायचेच विसरलो.

कबूल केल्याप्रमाणे मी आधी भागीबाईंकडे गेलो. लसीचं सांगितलं. त्या नुसत्या हं म्हणाल्या. मग मी जरा कडकच विचारलं, की थेंब दिल्यानंतर तुम्ही सविताकडे गेला होतात का? त्या म्हणाल्या, दिवाळीपासून काकडवळणचं तोंड पाहिलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग मी काकडवळणच्या विषाणूचं सांगितलं, की तो तुमच्या घरच्या कोंबडीपासून गेलेला दिसतो.  त्यांनी नागली पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, "होळीला या. अन् सगळं सांगा. लपवू नका काय."

मला ती बाई वेडी वाटली. लसीपुरतं सांगितलं असतं तर तिची सुटका होत होती. काकडवळणचं सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या गळ्यात दोर घालून घ्यायचा. मी मनात ठरवलं, आपण लसीचंच सांगायचं आणि निघायचं.

होळीला गाव जमलं. पंचांच्या शेजारी झिपरूबाबा, गावचा भगत, डोक्याला पांढरं फडकं बांधून बसला होता. वय बरंच, पण आवाज खणखणीत आणि सरकारी माणसाबद्दल मत वाईट. मी उभा राहून लसीचं सांगितलं.  मग पंचांपैकी एक जण म्हणाला, डॉक्टर आपल्या औषधाची बाजू घेणारच. दोघंतिघं हसले. मी तावातावानं पंधरा हजार अक्षरं समजवायला लागलो, आणि जसजसा समजवत गेलो तसतसे लोक माझ्याकडे बघायचे सोडून होळीच्या लाकडांकडे बघायला लागले.

बायकांच्या बाजूनं भागीबाई उठल्या. म्हणाल्या, काकडवळणचं पण सांगा.

मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. त्या बसल्या नाहीत. शेवटी मी जमिनीवर चार दगड ओळीत मांडले. मोहदरी, टेंभपाडा, काकडवळण, जोगवेल. रोग या वाटेनं गेला, आणि टेंभपाड्यातून खाली गेला तो भागीबाईंच्या घरातून, असं सांगून टाकलं. बायकांत एकदम कुजबुज उठली. ज्यांना जे वाटत होतं ते आता डॉक्टरच्या तोंडून आलं होतं. 

भागीबाई झिपरूबाबाकडे वळल्या. "बाबा, टोपल्यात कोंबडी कोणाची ठेवली होती?"

झिपरूबाबानं जराही न थांबता सांगितलं, "तुझी. तुझ्या घरी आधी मेल्या."

"अन् मोहदरीचं टोपलं कुठं उतरलं होतं?"

"शिवेच्या दगडापाशी. तुझ्या कुडामागं."

मला काही कळेना. मी विचारलं, कसलं टोपलं? तेव्हा कुठे मला ते सांगण्यात आलं. गावात रोग शिरला की भगत मरीचं, रोगाच्या देवीचं, टोपलं काढतो. त्यात भात, कुंकू, लिंबू, आणि एक जिवंत कोंबडी. ज्या घरात रोग पहिल्यांदा उठला त्याच घरची कोंबडी घ्यायची, कारण रोग तिच्यावर बसून जायचा असतो. टोपलं वाजतगाजत खालच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं. मोहदरीवाल्यांनी त्यांचं टोपलं टेंभपाड्याच्या शिवेवर ठेवलं होतं. शिवेलगत भागीबाईंचं घर, त्यांच्या कोंबड्या तिथंच उकरत फिरायच्या. टोपल्यातला भात त्या कोंबड्यांनीच टिपला. मग त्यांच्या कोंबड्या पडल्या, आणि रीतीप्रमाणे त्यांच्याच घरची एक अजून न पडलेली कोंबडी टोपल्यात बसून काकडवळणच्या शिवेवर गेली.

मी घरोघर विचारत फिरलो होतो, की बाहेरून कोंबडी आली का. वरातीतल्या घोड्याला कोणी पाहुण्यांत मोजत नाही. टोपल्यातली कोंबडी ही कोंबडी नव्हतीच, ती मरीची होती.

"मग तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?" मी झिपरूबाबावर ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "टोपलं रोग घेऊन जातं, म्हणून तर काढतात. तो गेला. तुमच्या मशीननं यात नवं काय सांगितलं?"

 त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. टोपलं रोग नेतं हे सगळ्यांना माहीत होतं, ते रोग कुठे नेतं हेही माहीत होतं, फक्त खालच्या गावाचं नाव कोणी घेत नव्हतं. ते नाव आता दगडाच्या रूपानं समोर पडलं होतं, आणि तिथं गावातल्या अर्ध्या घरांच्या लेकी दिलेल्या होत्या. मोहदरीवाल्यांना शिव्या द्यायला एक जण उठला आणि काकडवळणच्या दगडाकडे बघून खाली बसला. बायकांपैकी कोणीतरी रडायला लागलं. भागीच्या हाताचं नाव मग कोणी काढलं नाही. पुढच्या वेळी कोंबडीच्या जागी नारळ ठेवावा का यावर पुरुषांत वाद सुरू झाला. झिपरूबाबाचं म्हणणं पडलं, की नारळावर रोग बसत नाही. मी म्हटलं, म्हणूनच ठेवा. तो वाद मला वाटतं अजून चालू असेल.

भागीबाईंच्या घराजवळच्या बाईनं जाता जाता त्यांना हाक मारली, सकाळी चहाला ये म्हणून. मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "इथलं मिटलं. उद्या मला काकडवळणला सोडा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. आत या, असं म्हणाल्या नाहीत. आतून सविता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सासूच्या मागं थांबून राहिली. किती महिन्यांनी मायलेकी एकमेकींना बघत होत्या, पण दोघींपैकी कोणी पुढे झालं नाही. भागीबाई अंगणाबाहेरच उभ्या राहिल्या, आणि वाटेत माझ्याशी एक शब्दही न बोललेली बाई तिथं सरळ बोलली.

"तुमच्या शिवेवर कोंबडी आली ती माझ्या घरची. टोपल्यात मी ठेवली, माझ्या हातानं. खाली माझी लेक हाय हे मला ठावं होतं, तरी ठेवली. यात सविताचा काय दोष नाय. बोलायचं ते मला बोला."

मी झुंबरबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. आता ही बाई काय काय बोलेल आणि आपण मध्ये पडायचं की नाही याचा विचार करत होतो.  पण त्या हळूहळू ओट्यावर टेकल्या. लुगड्याचा पदर हातात घेऊन त्याचं टोक पिळत बसल्या.

"आम्ही पण टोपलं काढलं," त्या म्हणाल्या. "जोगवेलीच्या शिवेवर ठेवलं."

मला ते माहीतच होतं, चौथा दगड मीच मांडला होता. पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"जोगवेलीला माझी धाकटी बहीण दिली हाय. संक्रांतीच्या बाजारात भेटली होती. कोंबड्या गेल्या म्हणून माझ्यापाशी रडली. मी तिला म्हणलं, माझ्या सुनेच्या आईचा हात वाईट हाय, तिच्यापासनं आला असंल."

भागीबाई अंगणात आल्या आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसल्या.  मग झुंबरबाई उठल्या, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल विहिणी. तिला सांगून येऊ."

मी मोटारसायकलची किल्ली काढली, पण मला कोणी विचारलं नाही. दोघी जोगवेलीच्या पायवाटेला लागल्या. आंब्याच्या झाडापर्यंत गेल्यावर झुंबरबाई थांबल्या, मागं वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तू कशाला उभी तिथं? ये, आईसंगं चाल."